न बिघडलेली गाडी

ताइपिंग,
५ जानेवारी १९९७

ति. स्यू लान ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरवडा झाला. उशिराबद्दल कान धरतो. यंदा आपलं चिनी नवीन वर्ष आणि ईद फेब्रुवारीत एकाच आठवड्यात आल्यामुळे अख्ख्या ताइपिंगला एकदमच गावी जायचं आहे, आणि निघण्याआधी प्रत्येकाला गाडी दाखवून घ्यायची आहे. कुणाचे ब्रेक, कुणाचा फॅनचा पट्टा. सगळ्यांना त्यांच्या घरी धाडायचं आणि आपण शटर ओढून वर जाऊन झोपायचं, असा हा धंदा. मेइ फोंग होती, संसार होता, तेव्हा वर जाण्यात काही अर्थ होता. आता जिन्यातला दिवा गेलाय, तोही मी बदललेला नाही.

लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. चेगु रोकिया, आपल्या शाळेतल्या बाई, आठवतात ना? तुला गणित शिकवायच्या आणि मला बाकावर उभं करायच्या, त्याच. यजमान गेल्यापासून एकट्याच असतात. गेल्या ईदला त्या जुनी निळी गाडी घेऊन आल्या होत्या. मुलगा फौझी मला सणाला एकटीला राहू देत नाही, लांब जोहोरला त्याच्याकडे निघालेय, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून त्यांनी ऑइल बदलून घेतलं. परवा तेच सांगत पुन्हा आल्या. मी पट्टी ओढून पाहिली, तर ऑइल अगदी स्वच्छ. काचेवर मीच लावलेली गेल्या वर्षीची चिठ्ठी होती. तिच्यावरचा किलोमीटरचा आकडा मीटरशी ताडून पाहिला. गाडी वर्षभरात बाजारापलीकडे गेलीच नव्हती.

मग मी त्यांना सांगितलं, की गाडी गावाबाहेर पडलीच नाही, तर ऑइल कशाला बदलायचं? फुकटचे पैसे मी घेणार नाही. शेजारी इंजिन चालू होतं म्हणून जरा मोठ्याने बोललो. रांगेतले सगळे बघायला लागले. कुणीतरी हसत विचारलं, की जोहोर हल्ली मासळीबाजारामागे आलंय का? चेगुंनी किल्ली घेतली आणि त्या गाडी घेऊन निघून गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. ताई, मी खरं तेच बोललो. मग माझं चुकलं काय?

नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी माहेरी यायचं मात्र मनावर घेऊ नकोस. रस्त्यात गर्दी असते आणि मलाही काही ना काही काम निघतंच. दाजींना नमस्कार. लोभ वाढवला नाहीस तरी चालेल, आहे तो कमी करू नकोस.

तुझा,
कोक वेंग


क्लुआंग,
११ जानेवारी १९९७

चि. कोक वेंग यास अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि तिथे असते तर तुझ्या तोंडात पाना कोंबला असता असं वाटलं. अरे शहाण्या, सणाला आई मुलाकडे जाते की मुलगा आईकडे येतो? फौझी येत नाही. तो येत नाही हे गल्लीला कळू नये, म्हणून बाई आपणच जातो असं सांगतात. तुला ऑइल दिसलं, मीटर दिसला, समोर उभी असलेली बाई तेवढी दिसली नाही. मला त्यांनी शिकवलं नसतं तर मी आज तुझ्या दाजींच्या दुकानाचा हिशेब बघू शकले नसते. त्यांना भर गॅरेजात उघडं पाडणारा माझाच भाऊ निघावा, याची मला लाज वाटते. लगेच जाऊन माफी माग.

आणि आणखी ऐक. मी बाईंना ओळखते. आता त्या हट्टाने खरोखरच निघतील, आणि ज्या दारात कुणी वाट बघत नाही तिथे जाऊन उभ्या राहतील. तेव्हा पुन्हा गाडी घेऊन आल्या तर सगळ्यांसमोर सांग, की मोठा बिघाड आहे. गाडीच नापास झाली तर बाईंना मान वर करून घरी राहता येईल. तुझ्या शब्दावर ताइपिंगमध्ये कुणी शंका घेणार नाही.

आता तुझं. चार वर्षं तू मला हेच लिहितोस, की येऊ नकोस, काम आहे. नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे गाडी आणतं तरी कोण? त्या दिवशी इथे माझ्या नणंदा माहेरी येतात. मी त्यांना वाढते आणि त्या मला विचारतात, की तुला माहेर आहे की नाही? यंदा त्यांचं त्या वाढून घेतील. दाजींनी नोव्हेंबरात कोरी गाडी घेतली आहे. सासूबाई अजून सीटवरचं प्लास्टिक काढू देत नाहीत, बसलं की करकर वाजतं. त्या गाडीतून मी येणार म्हणजे येणार. मासा आणून ठेव.

ताईचा जीव तुझ्यात आहे, तेवढं ध्यानात असू दे.

तुझी,
स्यू लान


ताइपिंग,
२० जानेवारी १९९७

ति. ताईस सा. न. वि. वि.

रोजा सुटल्यावर चेगुंकडे जाऊन आलो. त्यांनी कॉफी दिली, केक कापून दिला, तुझी चौकशी केली. मी माफी मागितली तर म्हणाल्या, की खरं बोलल्याबद्दल मुलांनी माफी मागायची नसते, असं त्यांनीच आम्हाला शिकवलंय. तू म्हणालीस तसंच झालं. पुढल्या महिन्याच्या चार तारखेला सगळ्यांना दिसावं म्हणून भर दुपारी फाटक उघडून निघणार आहेत. फौझीला कळवलंत का, असं विचारलं, तर म्हणाल्या, की आईने कसलं कळवायचं? आणि मग बराच वेळ टेबलावरचे केकचे कण बोटाने गोळा करत बसल्या.

घरी येताना एक आठवलं. गेल्या ईदला त्यांच्या बंद घरातून बारीक आवाजात रेडिओ ऐकू येत होता. चोर येऊ नयेत म्हणून चालू ठेवून गेल्या असतील, असं मी समजलो होतो. त्या आतच होत्या, ताई. खिडक्या लावून ईदचे सगळे दिवस आतच होत्या.

तरीही तू सांगतेस ते माझ्याच्याने होणार नाही. न झालेला बिघाड झाला म्हणून सांगणारे मिस्त्री पाहिजेत तर बस स्टँडजवळ ढीगभर आहेत. बाबांपासून या गॅरेजात ते कधी घडलेलं नाही. मला मूल नाही, बायको गेली, बाजारातून जाताना लोक मान देतात तो या एकाच गोष्टीसाठी. तेवढं मागू नकोस.

तू येणार हे वाचून मात्र मी जिन्यात दिवा लावला. वरची खोली धुतली, आईच्या वाट्या काढल्या. मासेवाल्याला सांगून ठेवलंय, तर तो विचारतो, की एकट्या माणसाला एवढा मोठा मासा कशाला? मी त्याला सांगितलं, बहीण माहेरी येतेय. सध्या सगळ्यांना तेच सांगत सुटलोय.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
कोक वेंग


क्लुआंग,
३० जानेवारी १९९७

चि. कोक वेंग यास अ. उ. आ.

कसं लिहू कळत नाही. आपल्या गाडीत फार मोठा बिघाड झाला आहे. इंजिन तापतं, ब्रेक लागत नाहीत आणि गिअरही पडत नाही. इथला मिस्त्री म्हणतो, की सण होईपर्यंत काही होणार नाही. बसचं बघितलं, तर जागा नाही. दाजींनाही फार वाईट वाटतंय. नणंदा याही वर्षी येणार आहेत, त्यांच्यासाठी आतापासून तयारी चालली आहे.

मासा सांगितला असशील. रद्द करू नकोस, तू खा. तब्येतीला जप, आणि ताईवर रागावू नकोस.

तुझी,
स्यू लान


ताइपिंग,
९ फेब्रुवारी १९९७

ति. ताईस धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार तारखेला सकाळी मिळालं. उभ्यानेच वाचलं आणि खिशात ठेवलं. नंतर कुणाचा तरी ब्रेक काढून बसवला, तो परत काढून बसवावा लागला. मन ठिकाणावर नव्हतं.

दुपारी चेगु आल्या. मागच्या सीटवर बॅग, शेजारी केकचा डबा. सगळ्यांसमोर म्हणाल्या, की नीट बघ, लांब जायचंय. मी गाडी चालवून आणली. ठणठणीत होती. जोहोरला जाऊन परत आली असती. उतरलो, तर त्या स्टिअरिंग धरल्यासारखे हात पुढे धरून उभ्या होत्या. तुझं पत्र माझ्या खिशात होतं. असा न झालेला बिघाड कशासाठी असतो, ते त्या क्षणी मला समजलं. मी मोठ्याने सांगितलं, की चेगु, गिअरबॉक्स गेलाय. ही गाडी सणाआधी इथून हलणार नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खात्री आहे का, विचारलं. मी म्हणालो, आहे. मग वर्गात झापायच्या तसं त्यांनी मला सगळ्यांदेखत झापलं, की गाडी तुझ्याकडे येते आणि इतकं होईपर्यंत तुला कळत नाही? गेल्या खेपेला हसलेला माणूसच त्यांची बॅग घेऊन घरापर्यंत गेला. बाबांची रीत तुला ठाऊक आहे, खराब झालेला भाग काढून गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचा. कुणीही तो मागितला नाही. कुणी बॉनेटसुद्धा उघडून बघितलं नाही. इतका पटकन विश्वास बसला सगळ्यांचा, की मला आत जाऊन तोंड धुवावं लागलं. ताई, खरेपणाचं ते नाव आता माझं राहिलं नाही. लोकांना ठाऊक नाही, एवढंच.

तेव्हापासून निळी गाडी चाकं काढून गॅरेजात उभी आहे. नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशीचा मासा आलं घालून वाफवला. दोन वाट्या मांडल्या होत्या, जेवताना एक उचलून ठेवली. गल्लीत कुणीच नाही, सगळे आपापल्या गावी. आज ईद. चेगुंच्या खिडक्या सताड उघड्या आहेत. सकाळी त्या केतुपातचा भात आणि रेंदांगचं मटण घेऊन आल्या. फौझी बिचारा रस्त्यावर डोळे लावून बसला असेल, असं म्हणाल्या. मी म्हणालो, असणारच. डबा देऊन त्या घरी गेल्या आणि मी वर आलो.

तुझ्या गाडीचं म्हणशील, तर कोऱ्या गाडीतही असे बिघाड होतात. इंजिन, ब्रेक आणि गिअर एकदम जातात. कुणी विचारलं तर मी छातीठोकपणे सांगेन, माझ्या शब्दावर कुणी शंका घेत नाही. दाजींना म्हणावं, अशी गाडी रस्त्यावर काढू नका. पुढल्या वर्षी दुरुस्त झाली, तर कळव.

तुझा,
कोक वेंग