प्रभूने पुरवलेली पेटी

आई,

धाकटी परत आली आहे. नवरा, दोन बॅगा आणि एक मिक्सर घेऊन. मिक्सर कशाला आणला म्हणून विचारलं तर म्हणाली, "तेवढाच कोरडा होता ना, ताई." तिकडे समुद्राकाठी, गोपाळपूरच्या बाजूला पुन्हा वादळ झालं. तिच्या घराचे पत्रे उडाले आणि दारातलं नारळाचं झाड सरळ स्वयंपाकघरात येऊन पडलं. छप्पर होईपर्यंत ती माझ्याकडे राहणार. राहू दे, बहीण आहे. पण तू जाऊन इतकी वर्षं झाली, मला वाटलं होतं की आता तरी तिचं कौतुक बघणं संपलं. कसलं संपतंय! चर्चमधली माणसं डबे घेऊन येतात, कोणी मटण, कोणी गाजराचा हलवा. तिच्याजवळ सोफ्यावर बसतात, तिचा हात हातात घेऊन प्रार्थना करतात, आणि जाताना मला सांगतात की चहात साखर जरा कमी होती. माझी पोरगी मला मोबाइलमधून मान वर न करता "हाँ मम्मी" म्हणते. तीच मावशीच्या पायाशी बसून विचारते, "मौसी, फिर क्या हुआ?" मी आत पोळ्या लाटते आहे आणि जळते आहे. तुझ्यापासून काय लपवायचं?

पहिलं वादळ तू विसरली नसशीलच. त्या वेळी आपण इथेच रायपुरात, तात्यापाऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. बाबा गेलेले, धाकटी माझ्याआधी लग्न करून समुद्राकाठी गेलेली, आणि माझं नुकतंच ठरलेलं. माझी पेटी भरत होती. तुझ्या हातच्या क्रोशाची लेस लावलेले अभ्रे, चादरी, स्टीलची भांडी आणि सगळ्यात वर ती पांढरी साडी. ती घ्यायला आपण दोघी सदर बाजारात गेलो होतो. दुकानदाराने लाल, राणी, केशरी साड्यांचा ढीग घातला, आणि तू पांढरी मागितलीस तसा तो बिचारा गडबडलाच. "दीदी, शादी के लिए सफेद?" तू म्हणालीस, "हमारे में सफेदच रहता भैया, तुम निकालो." मग पदर माझ्या खांद्यावर टाकून तू दोन पावलं मागे सरलीस आणि बघत राहिलीस. लहानपणापासून लोक धाकटीचा रंग बघायचे, तिचे केस बघायचे, आणि तूही त्यांच्यातलीच. त्या दिवशी दुकानात मात्र तू फक्त मला बघितलंस. आई, मला तेवढंच हवं होतं. ते मला त्या आधी मिळालं नव्हतं आणि नंतरही नाही.

वादळ तिकडे झालं, रायपुरात नुसतं आभाळ आलं. भुरभुर पाऊस, गार वारा, लोक भजी तळून खात होते. तिकडचे फोन बंद होते आणि तू गॅससमोर डोळे मिटून उभी राहायचीस, वरण उतू जायचं, मी येऊन गॅस बंद करायची. मग कोणाकडून तरी निरोप आला की माणसं वाचली, घर राहिलं नाही. तू "स्तोत्र प्रभूला" म्हणालीस आणि त्याच पावली जाऊन माझी पेटी उघडलीस. अभ्रे, चादरी, भांडी, सगळं भराभर पोत्यात जाऊ लागलं. मी पोत्याचं तोंड धरून होते. साडीला हात लावलास तेव्हा मात्र राहवलं नाही. "आई, साडी तरी ठेव." तू वळलीस आणि माझ्यावर कडाडलीस, "पोट्टी तिकडं उघड्यावर पडली अन् तू साडी धरून बसून राहिली? तिच्या अंगावर कपडा नाही. तुले लाज कशी नाही वाटत!" मला लाज वाटली, खरंच वाटली. गाड्या सुरू झाल्या तशी तू गेलीस आणि माझ्या लग्नाला आठवडा उरला तेव्हा परत आलीस, उन्हाने रापलेली, आवाज बसलेला. पाळकबाईंची साडी नेसून मी वेदीपुढे उभी राहिले. त्यांचा ब्लाउज मला एवढा मोठा होता की मागून सगळ्या पिनाच पिना. जेवणाच्या वेळी नवरीभोवती चार बायका, आणि वादळाची हकिकत ऐकायला तुझ्याभोवती सगळा मांडव.

त्यानंतर दर वर्षी आभारप्रार्थनेच्या दिवशी तू साक्ष द्यायला उठायचीस. देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे सांगायचं, आणि तुझ्याकडे सांगायला वादळ होतं. "आमच्या हाती काहीच नव्हतं, पण प्रभूने सगळं पुरवलं. चादरी पुरवल्या, भांडी पुरवली, वस्त्रं पुरवली." बायका डोळे पुसायच्या. मी तुझ्या शेजारी बसलेली असायची. शेवटी शेवटी तर तुला धरून उभी करायची ती मीच. गुडघ्यांना तेल मी लावायची, पथ्याचं मी रांधायची, पण याची साक्ष कशी देणार? रोज घडणाऱ्या गोष्टीला कोणी आमेन म्हणत नाही. प्रभूने पुरवलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण पेटी माझी होती.

परवाच्या रविवारी पाळकांनी धाकटीला साक्ष द्यायला बोलावलं. या वादळाचं सांगता सांगता ती त्या वादळावर गेली. म्हणाली, आई आली तेव्हा आमच्या वस्तीत एकही भिंत धड नव्हती, बायकांची आंघोळीची सोय नव्हती. आईने पोत्यातून एक कोरी पांढरी साडी काढली आणि दोन खांबांना आडवी बांधली. तिच्या आडोशाला वस्तीतल्या सगळ्या बायका आंघोळ करायच्या. "ती साडी होती म्हणून आमची अब्रू राहिली," धाकटी म्हणाली आणि रडू लागली. चर्च रडू लागलं. आई, आंघोळीचा पडदा! तू मला हे कधी सांगितलंच नाहीस. तिच्या अंगावर कपडा नाही म्हणून माझी साडी नेलीस ना? मी आपोआप उभी राहिले. आजवर मी कधी साक्ष दिली नव्हती, त्यामुळे सगळे कौतुकाने वळले. मी म्हणाले, "ती साडी माझ्या लग्नाची होती. पेटी माझी होती." आणि खाली बसले. मग पहिल्या बाकावरचे बहिरे मास्तर सवयीप्रमाणे मोठ्याने "आमेन" म्हणाले, आणि मागोमाग सगळी मंडळी.

घरी येताना धाकटी स्कूटीवर माझ्या मागे बसली होती. ब्राह्मणपाऱ्यात गर्दीत अडकलो तेव्हा म्हणाली, "ताई, मले माहीतच नव्हतं व. आई म्हणे, मंडळीनं जमा करून दिलं. तुझं आहे म्हटलं असतं तर मी हातच लावला नसता."

"म्हणूनच नाही सांगितलं तिनं," मी म्हणाले.

"हव. पण मग साडीचं काय झालं ते मागून सांगायचं होतं ना तुले तरी."

तिने माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली, लहानपणी तुझ्या खांद्यावर टेकवायची तशी, आणि मला तिचा राग धरता येईना. म्हणून आता तो सगळा तुझ्या नावावर आहे. त्या बायकांना आडोसा मिळाला, चांगलंच झालं. तू मला विचारलं असतंस तर मीच काढून दिली असती, असं म्हणायला छान वाटतं; कदाचित दिली नसती. पण विचारायचं होतंस.

दुपार आहे. धाकटी आतल्या खोलीत झोपली आहे आणि तिला उठवायला चहा ठेवायचा आहे, तेव्हा आवरतं घेते. हे कागद मी कोणाला दाखवणार नाही, धाकटीला तर नाहीच, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. यंदा वादळ तिच्या किनाऱ्याकडे निघाल्याचं टीव्हीवर सांगत होते, तेव्हा तिच्या जिवाची काळजी मला वाटली, पण ती नंतर. त्याच्या आधी मनात आलं की या वेळी तिच्याकडे धावत जायला तू नाहीस. आणि आई, मला बरं वाटलं.