चौथं रीळ

बुधवार, दिवेलागण

आज श्रावणने तलावावरच्या पर्यटक बोटींची गळाची चार रिळं साफ करायला आणून दिली. मासे अंड्यावर आले की मच्छीमार सोसायटी कोणालाच गळ टाकू देत नाही, म्हणून सध्या बोटी बंद आहेत. "पेटीतच पडून होते, हात नाई लावला कोणी," म्हणाला. पेटीची चावी त्याच्याकडेच असते.

तीन रिळं खरंच आजारी निघाली. गंज, वाळलेला गाळ, कुजलेला दोरा. चौथ्यावर धूळ होती, पण आतली चाकं गरगर फिरली. आणि वास टोळीच्या तेलाचा! मोहाच्या बियांचं तेल रिळाला कोण लावतं? मी तर ग्रीसच भरतो.

शाळेत श्रावण आणि मी एकाच बाकाशी उभं राहून नदीची कविता म्हणायचो. तो अडला की मी हळूच ओळ पुरवायचो. हे आजच का आठवावं?

चहाला आला तेव्हा सहज म्हटलं, "हे चौथं बरं फिरून राह्यलं रे."

"असंन आतमंदी थोडं तेल. तू त तेलावरही कविता करशीन, कवी!" हसला.

तेलाचं नाव मी काढलंच नव्हतं.

परवा सोसायटीचे लोक सामान तपासणार. रीळ रॉकेलमध्ये बुडवलं की वास जाईल, बंदीत गळ टाकल्याची खूण उरणार नाही, त्याची नोकरी राहील. तीन बुडवली. चौथं हातात घेतलं, पुन्हा हुंगलं, आणि ते बाहेरच ठेवून रॉकेलच्या डब्याचं झाकण लावलं.

उद्या येऊ दे. या वेळची ओळ त्यानेच म्हणावी.