लोहाघाट भाग दोन आणि बाजूची सीट

२६ ऑक्टोबर, रविवार
‘लोहाघाट’चा दुसरा भाग येतोय! चौदा नोव्हेंबरला. अर्धं आयुष्य वाट पाहिली.

पहिला भाग मी आणि अंकुशने सौसरच्या टॉकीजमध्ये पाहिला होता. लुनावर डबलसीट. मग पुन्हा. मग पुन्हा. मी हिरोच्या पार्टीचा, तो व्हिलनच्या. तेव्हापासून पांढुर्ण्यात कुठेही भेटलो की मी ओरडायचो, “पुल के इस पार कौन?” आणि तो भर बाजारात उत्तर द्यायचा, “जो उस पार नहीं झुका, बे!” त्यातलं ‘बे’ पिक्चरमधलं नाही. ते त्याने माझ्यासाठी लावलेलं.

ठरलं. दुसरा भाग दोघांनी मिळून पाहायचा. तोपर्यंत पोटही कमी करायचं.

अंकुश सध्या माझ्याशी बोलत नाही. मे महिन्यापासून. तात्पुरतं आहे.

२८ ऑक्टोबर, मंगळवार
सकाळी फिरायला गेलो. समोशाच्या दुकानापर्यंत.

अंकुशच्या अबोल्याचं कारण काय, तर आमच्या तृप्तीच्या लग्नाची पत्रिका अंकुशला द्यायची राहून गेली. पत्रिका कमी पडल्या. हे मी प्रेमलतेला पुन्हा समजावून सांगितलं. ती म्हणाली, कमी कशा पडल्या, माळ्यावर गठ्ठा पडून आहे. नवऱ्याचं म्हणणं खरं मानायची पद्धत आमच्या घरातून गेली.

२ नोव्हेंबर, रविवार
पत्रिकेचं सोडा. खरी अडचण व्याह्यांची. बोरगावचे भगवंतराव, जुन्या वळणाचा माणूस. अंकुश बौद्ध, आम्ही कुणबी. मी स्वतः जात मानत नाही. पण लग्न म्हटलं की पंगतीत चार पाहुणे बघतात, पोरीला तिथे नांदायचं असतं. अंकुशने हे समजून घ्यायला पाहिजे होतं. बिजली ऑफिसात इतकी वर्षं नोकरी केलेला माणूस. तृप्तीला सायकल त्यानेच शिकवली, म्हणजे तो घरचाच झाला. घरच्यांना कोणी पत्रिका देतं का?

शिवाय लग्न झाल्यावर मी अंकुशच्या घरी बुंदीचा डबा पाठवला होता. डबा धुऊन परत आला. रिकामा. याआधी सुशीलावहिनींनी आमचा डबा कधी रिकामा धाडला नाही. काही नाही तर मूठभर शेंगदाणे तरी असायचे. घाईत असतील.

आणि हे गाव कोणतं? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही जाम नदीवर एकमेकांना गोटे मारतो. डोकी फुटतात. आणि संध्याकाळी ज्याचं डोकं फुटलं तो फोडणाऱ्याला चहा पाजतो. अंकुशच्या कपाळावरची खूण माझीच आहे, तो अभिमानाने दाखवायचा. असल्या गावात एका पत्रिकेचं काय घेऊन बसायचं?

६ नोव्हेंबर, गुरुवार
नागपूरची दोन तिकिटं बुक केली. बाजूबाजूच्या सीट. फोटो अंकुशला व्हॉट्सॲप केला. खाली लिहिलं, “पुल के इस पार कौन?”

संध्याकाळी निळी टिक. उत्तर नाही. पण निळी टिक म्हणजे अर्धा होकार. नसतं यायचं तर ब्लॉक केलं असतं.

हिरोसारखं काळं जॅकेट घेतलं. चेन लागत नाही. फिरणं सोमवारपासून.

९ नोव्हेंबर, रविवार
भगवंतराव आले होते, संत्र्याचा भाव विचारायला. चहा पिता पिता म्हणाले, तुमचा तो पिक्चरवाला दोस्त लग्नात दिसला नाही जी, तृप्ती घरी त्याच्याच गोष्टी सांगून राहते. मी म्हटलं, तो आजारी होता. प्रेमलता कपबशा घेऊन आत गेली, आणि आत बऱ्याच वाजल्या.

आता मला सांगा, या व्याह्यांना आधी बोलायला काय झालं होतं? मी कुठून ओळखायचं? विचारलं असतं तर? पण असं विचारतं का कोणी?

तृप्तीचा फोन आला. म्हणे, बाबा, पिक्चर दाखवू नका, काकाची माफी मागा. पोरगी सासरी गेल्यापासून फार मोठी झाली आहे. थेट माफी मागितली की समोरचा माणूस अवघडतो. पिक्चरला बाजूला बसला की आपोआप होईल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
बाथरूममध्ये डायलॉगची प्रॅक्टिस. आवाज अजून दमदार आहे. अंकुशला आवडते म्हणून संत्राबर्फी घेतली. प्रेमलतेने विचारलं, ते येऊन राहिले असं सांगितलं का त्यांनी? म्हटलं, सांगायची गरज नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी, गाडीत
स्टेशनवर अंकुश नव्हता. त्याची सासुरवाडी तिगावची. तिथूनच चढला असेल, मागच्या डब्यात.

दुपारी, टॉकीजच्या पायरीवर
सगळं लगेच लिहून काढतो.

पिक्चर सुरू झाला. मी बाजूच्या सीटवर बर्फी ठेवली. एक जण म्हणाला, इथं कोणी आहे का? म्हटलं, येऊन राहिला.

हिरोची एंट्री झाली. शिट्ट्या मारल्या त्या आम्ही टक्कल पडलेल्यांनी. हिरो भिंतीवरून उडी मारतो तेव्हा दिसणारी पाठ दुसऱ्याच कोणाची तरी होती. पूल कॉम्प्युटरचा. पहिल्या भागात ज्या जागी आम्ही दोघं रडलो होतो, तिथे कॉलेजची पोरं हसली. मागची बाई म्हणाली, म्हाताऱ्याले कायले पळवून राहिले? मला फार राग आला, पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

इंटरव्हलला दिवे लागले, आणि चार ओळी पुढे अंकुश उभा राहिला. सोबत सुशीलावहिनी आणि त्यांची पोरगी प्रियंका. त्याने आपली तिकिटं आपण काढली होती.

मी धावत गेलो. पॉपकॉर्नच्या रांगेत गाठला. जॅकेट उघडं, सगळ्यांसमोर, पूर्ण आवाजात म्हटलं, “पुल के इस पार कौन?”

रांगेतले सगळे वळले. अंकुशही वळला. त्याने हात जोडले. म्हणाला, नमस्कार गुणवंतराव, बरे आहात ना जी?

मी विचारलं, पिक्चर कसा वाटला? म्हणाला, ठीक आहे जी, हिरो आता थकला. मग म्हणाला, प्रियंकाचं जमलं जी, जानेवारीत लग्न आहे. घरी येऊन पत्रिका देतो. सगळ्यांनी या, पंगतीला बसा.

मी म्हटलं, येतो ना बे.

तो म्हणाला, या जी.

१५ नोव्हेंबर, शनिवार
प्रेमलतेने विचारलं, शेवट काय झाला? शेवटी कोण मेलं ते मला ठाऊक नाही. मी परत आत गेलोच नव्हतो. बर्फी सीटवरच राहिली.

चौतीस वर्षांत अंकुशने मला पहिल्यांदा नमस्कार केला. त्यापेक्षा एखादा गोटा मारला असता तर बरं झालं असतं. संध्याकाळी चहा तरी झाला असता.