उजवी बरणी

सोमवार, ३ फेब्रुवारी

पोहोचलो एकदाचा. निघताना ताईने गळ्यात मफलर गुंडाळला, गोळ्यांची डबी खिशात कोंबली आणि जाता जाता टोमणाही मारून घेतला, की जन्मभर लोकांच्या पंपांत खोट काढत हिंडलास, आता म्हातारपणी त्यांचेच गोडवे गायला निघालास. खरं आहे तिचं. वजनमापं तपासणारा निरीक्षक म्हणून माझी सगळी नोकरी पेट्रोल पंपांवर गेली. माप खरं निघालं तर शिशाचं सील ठोकायचं, खोटं निघालं तर पंपाला कुलूप. आता एका हौशी गृहस्थाने जमवलेले जुने पंप ओळखून द्यायचे आहेत : कोणत्या काळातले, अस्सल किती, मागाहून जोडलेलं किती. महिनाभराचं काम, राहणं-जेवण इथेच.

मालक पन्नाशीचे. हात लहान मुलासारखे गुबगुबीत आणि जरा ओलसर. स्वागत मात्र फार प्रेमाने केलं. घरी कोण कोण असतं, सख्खं कोणी आहे का, अशी आपुलकीने चौकशी केली. म्हटलं, पाठची नव्हे, माझ्या आधीची एक बहीण आहे. तिने लग्न केलं नाही, माझी बायको लवकर गेली, तेव्हा आम्ही दोघं म्हातारी एकमेकांची औषधं लक्षात ठेवतो. यावर ते किती तरी वेळ हसत राहिले.

पंप ठेवलेत ती शेड म्हणजे पूर्वीचं बसगाड्यांचं गॅरेज. तिच्याच माळ्यावर माझी खोली. लाकडी जिना उतरलं की थेट पंपांच्या रांगेत. सकाळचं ऊन त्यांच्या काचांवर पडलं तेव्हा वाटलं, आपण पहिल्या बाकावर बसलोय, गुरुजी आता कविता म्हणायला उठवणार, आणि आज ती आपल्याला येणार.

बुधवार, ५ फेब्रुवारी

काम सुरू. सर्वांत जुने पंप हाताने हापसायचे, दोन बरण्यांचे. हल्लीच्या पोरांना सांगून पटायचं नाही. खांबाच्या डोक्यावर काचेच्या दोन उभ्या बरण्या, प्रत्येकी पाच लिटरची. दांडा पुढे-मागे हलवला की एक बरणी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत भरायची, तेवढ्यात दुसरी गाडीत रिकामी व्हायची. मग अदलाबदल. एकाच बरणीवर पंप चालतच नसे, जोडी लागायची.

नखाने रंग खरवडावा, की खालून दुसरा निघतो, त्याखाली तिसरा. हिरव्याखाली तांबडा दिसला की माझ्या मनात गोष्ट सुरू होते. तास कसा जातो कळत नाही.

एक गोष्ट तेवढी खटकली. पेट्रोल सुकलं की त्याचा कडक, ठिसूळ थर राहतो, हे मला झोपेतही सांगता येईल. इथल्या बरण्यांच्या तळाशी आहे ते मऊ आहे, कानातल्या मळासारखं. बोटाला लागलं ते साबणाने जाईना. आणि रबरी नळ्यांना घाम आल्यासारखा चिकटपणा. झाडलोट आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशी नाकाला फडकं बांधूनच शेडमध्ये येतात. पंपांना हात लावत नाहीत. मला म्हणाल्या, साहेब, इथलं काहीबाही तोंडाला लावू नका बरं. मी म्हटलं, मावशी, मी काय रांगतं पोर आहे का? त्या हसल्या नाहीत.

शनिवार, ८ फेब्रुवारी

रांगेच्या शेवटी ताडपत्रीखाली झाकलेला एक पंप होता. ताडपत्री काढली, मागे गेलो आणि पत्र्यावरचा पोचा दिसला. मी चौथीत असताना ताईने रागाने मला फेकून मारलेला दप्तराचा डबा तिथे लागला होता. खाली खिळ्याने कोरलेली दोन वाकडी अक्षरं, तिचं आणि माझं. बाबांचा पंप. ज्याच्या दांड्यावर बाबांचं आयुष्य गेलं आणि ज्याच्या सावलीत आम्ही दोघं वाढलो, तो.

बाबा दमले की आम्ही दांड्याला लोंबकळायचो. गुरुजींनी स्वतः रचलेली कविता त्या तालावर बरोबर बसायची :

एक घडा भरू दे, एक घडा सरू दे,
भरल्या घड्याखाली कोणी ओंजळ पुढे धरू दे.

पेट्रोलच्या वासाने मला हमखास उमळायचं. मग ताई धावत येऊन माझ्या तोंडाखाली खरंच ओंजळ धरायची. कपडे खराब झाले तर आई मारील म्हणून. ओक बाळा, मी धरते, म्हणायची. तिला किळस कशी ती नव्हती.

मालकांना सांगितलं, तर ते म्हणाले, पंपाची ओळख त्याच्या घरच्या माणसांनीच पटवावी, त्यात मजा आहे, ताईंनाही बोलवा. त्यांच्या कचेरीतल्या फोनवरून लगेच बोललो. ताईने आधी खोटारडा म्हणून मला झिडकारलं, मग नाक ओढत म्हणाली, पुढच्या रविवारी येते.

रविवार, ९ फेब्रुवारी

पंपाच्या डाव्या बरणीत दोन बोटं द्रव आहे. शोभेसाठी मालकांनी रंगीत तेल ओतलं असेल म्हणून ते आधी काढायला घेतलं. खात्यातली जुनी सवय : नळी टाकायची, तोंडाने एक ओढ घ्यायची, धार आली की डब्यात सोडायची. शेकडो वेळा केलंय. जिभेला लागण्याआधी अंगठा दाबायचा, एवढंच.

आज अंगठा चुकला.

ते कोमट होतं. दाट होतं. थंड चहावरची साय जशी टाळूला चिकटते तसं चिकटलं आणि माझ्या मनाविरुद्ध घशातून उतरलं. गोडसर. मागे राहिला तो केस. तो मी बोटांनी ओढून काढला, लांबच लांब निघत राहिला.

आणि चव ओळखीची. बाबांचं डोक्याचं तेल, त्यांच्या सदऱ्याचा घाम, पेट्रोल. ते मला कडेवर घ्यायचे तेव्हा त्यांच्या मानेला येणारा वास. क्षणभर, लिहायला लाज वाटते, क्षणभर ते फार बरं वाटलं. मग मोरीत जाऊन बोटं घालून ओकायचा प्रयत्न केला. काहीच पडलं नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

चहाला तीच चव. पावाला तीच. उकडलेला बटाटा चावला तर दातांखाली केस आल्यासारखं झालं. थुंकी दाट झालीय. थुंकली तर तुटत नाही, तार धरून राहते, हनुवटीवर परत येते. दिवसभर रुमाल धुतोय. मावशी माझा टॉवेल काठीने उचलतात.

डावी बरणी बघून आलो. परवा दोन बोटं होती. आज अर्धी भरलीय. दांड्याला कोणीही हात लावलेला नाही, त्यावरची धूळ तशीच आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

नाश्त्याला मागची दाढ निघून आली. दुखलं नाही, पिकलेल्या फळातून बी निघावी तशी निघाली. मोरीत टाकून पाणी सोडलं. दुपारी खाली गेलो तर ती बरणीच्या तळाशी. माझीच. चांदी भरलेली. भोवती पांढरे केस, माझ्या मिशांएवढे आखूड.

माझ्यातलं ते मला न विचारता तिकडे जातंय.

मग बाकीच्या पंपांच्या बरण्या उजेडात नीट पाहिल्या. तो मऊ मळ बोटाने ढवळला. एकीत काळे केस, शेजारच्या बरणीत तशाच वळणाचे पिकलेले. दुसऱ्या पंपात दोन्हीकडे तांबूस. माणसांचे आहेत. एका घरचे. मी ते हाताने ढवळत होतो. वास घेत होतो. बोटं चाटावीशी वाटली. चाटली.

मालक मागे उभे होते. जराही रागावले नाहीत. नळीच्या तोंडावरचा थेंब त्यांनी अंगठ्याने टिपला आणि चोखला, मध चोखावा तसा. म्हणाले, निरीक्षकसाहेब, तुम्हीच लिहून ठेवलंय ना, एका बरणीवर पंप चालत नाही. डावी तुमची झाली. उजवीला सख्खंच लागतं. रविवारी होईल.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

पळून जायला निघालो. दाराला कुलूप नाही, कोणी अडवलं नाही. फाटकापर्यंत पोहोचलो आणि तोंड आतून भरून आलं. गाल फुगले. नाकात उतरलं. पुढे एक पाऊल टाकलं की श्वास बंद, मागे एक टाकलं की घोट खाली जातो. मागे, मागे, असा पुन्हा पंपाशी आलो. तिथे छान वाटतं. तिथे बाबांचा वास —

नाही. ताईला थांबवायचं. एवढंच. माझं काय व्हायचं ते होवो.

मावशी आज आल्या नाहीत.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

कचेरीत फोन मोकळाच होता. मालक समोर बसून नखं कापत होते. ताईने उचलला. मी म्हणालो, येऊ नकोस. म्हणजे म्हणायला गेलो. तोंडातून नुसता बुडबुड आवाज. फोनवर ओघळ आला. पुन्हा प्रयत्न केला. गुळणी केल्यासारखा —

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, वेडा रे वेडा, बाबांच्या आठवणीने एवढा रडतोस? म्हातारा झालास की. थांब, रविवारची वाट बघत नाही, उद्याच येते.

फोन ठेवला. मालकांनी फडकं पुढे केलं. ओघळ पुसला आणि फडकं घडी करून खिशात ठेवलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी, सकाळ

डावी बरणी काठोकाठ. मी हलकाफूल. कातडी बोटाने ओढली की ओढलेलीच राहते. आत सगळं डुचमळतं. चाललो की ऐकू येतं.

बोलता येत नाही, पण लिहिता येतं. याच वहीचं पान फाडून मोठ्या अक्षरांत लिहिलंय — ताई, काही तोंडाला लावू नकोस, परत जा. फाटकाकडे जाता येत नाही, म्हणून तिला इथेच दाखवणार.

तोंड उघडायचं नाही. काही झालं तरी.

शनिवार, दुपार

आली. खालून हाक मारतेय, माझ्या लहानपणीच्या नावाने. मालकांनी पाणी विचारलं, तर नको म्हणाली, आधी माझा भाऊ दाखवा. तिने पोचा शोधलाय. हसतेय. दांडा धरून म्हणतेय — एक घडा भरू दे —

माझ्या तोंडाला पूर येतोय तिच्या तालावर. दोन्ही हातांनी —

एका हाताने लिहितोय.

जिना चढली. कागद पुढे केला. चष्म्यासाठी पिशवी चाचपली तिने, पण ती खालीच राहिली, चष्मा तिच्यात. म्हणते, अक्षर का लागतंय मला, वाचून दाखव. मी मान हलवली. नाही, नाही, नाही. वहीत लिहितोय तर म्हणते, ती वही ठेव आधी, तुझा चेहरा कसा हिरवा पडलाय, मळमळतंय ना —

ताई मागे हो

उजवी बरणी खाली लखलखतेय. इथून दिसते. पुसून ठेवलीय कोणीतरी

ओठांतून गळतंय. तिला किळस नाही. कधीच नव्हती. गुडघ्यावर बसली समोर. दोन्ही हात जोडून माझ्या हनुवटीखाली — ओक बाळा, म्हणते, मी धर