शिकंज्यातला हात

२ मार्च

चि. डिंक्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

अक्षर बघून हसू नकोस. लिहायला लागून डाव्या हाताला तीन वर्षं झाली, तरी तो अजून पहिलीतच बसलाय. तू फोन उचलत नाहीस, पत्र मात्र उचलतोस, म्हणून हा खटाटोप. लहानपणी बाबांच्या डब्यातला डिंक बोटाने चाटून खायचास, तो चिवटपणा अंगात मुरलेला दिसतो.

आई बरी आहे. गेल्या आठवड्यात न्हाणीघरात घसरली आणि तिचा पुढचा दात गेला. आता बोलताना शीळ वाजते आणि त्यावर तीच जास्त हसते.

माझा उजवा हात होता तसाच आहे. हाडं जुळून अडीच वर्षं झाली, पण नसांना ते कळलेलंच नाही. त्यांच्या लेखी पुस्तकं दाबायचा तो शिकंजा अजून आवळतोच आहे. पंख्याचा वारा लागला तरी कुणीतरी कातडी सोलतंय असं वाटतं. परवा बांधणीच्या खोलीत एक जाडजूड पुस्तक टेबलावरून खाली पडलं. नुसता आवाज झाला, आणि खांद्यापर्यंत जाळ गेला. मी ते पुस्तक उचललं आणि त्याची पाठ दातांनी उसवून काढली. भानावर आले तेव्हा तोंडात दोरा होता. गिऱ्हाइकाचं पुस्तक, डिंक्या, आणि मी बांधणीवाल्याची मुलगी.

आता मुद्द्याचं. मोठ्या दवाखान्यात दुखण्याच्या नव्या डॉक्टरीणबाई आल्यात, माझ्याहून बऱ्याच लहान. त्यांनी केटामिन नावाचं भुलीचं औषध सुचवलंय. सलाइनमधून, रोज चार तास, पाच दिवस. गोळ्या झाल्या, मानेतली इंजेक्शनं झाली, हे राहिलंय म्हणाल्या. आशा मात्र मोजूनमापून दाखवली. काहींना काही आठवडे उतार पडतो, काहींना काही महिने, काहींना अजिबात नाही. त्या चार तासांत माणसाला भलतंसलतं दिसतं, आपण आपल्या अंगाबाहेर आहोत असं वाटतं, तोंडाला येईल ते बोलतो. म्हणून घरचं कुणीतरी उशाशी हवं. बावीस तारखेपासून जागा आहे. होय की नाही ते पंधरापर्यंत कळवायचंय.

तू जनावरांच्या दवाखान्यात हेच औषध हाताळतोस ना? खरं सांग, घेऊ का? आणि घेतलं तर उशाशी बसशील का?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई


७ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

घेऊ नकोस.

काल एक घोडा आला. काटेरी तारेत अडकलेला, छातीचं मांस पडद्यासारखं लोंबत होतं. चौघांनी धरला तरी त्याने एकाला भिंतीवर फेकलं आणि मला बरगडीत लाथ घातली. डॉक्टरांनी आधी गुंगीचं दिलं, मग केटामिन. घोडा गुडघ्यांवर आला आणि आडवा झाला, पण डोळे उघडेच. पापणी हलत नाही, श्वास चालू. मी टाके घातले, मोजून ब्याण्णव, आणि तो सगळा वेळ माझ्याकडे बघत होता. किंवा बघत नव्हता. शुद्धीवर येताना डोकं भिंतीवर आपटत राहिला, कपाळ फुटेपर्यंत. तुझे डोळे तसे झालेले माझ्याने बघवणार नाहीत.

आणखी एक सांगतो, आईला सांगू नकोस. त्या घोड्याला तारेतून काढायला त्याच्या मालकाने चाबूक वापरला होता. तो हे बाहेर बाकावर बसून मोठ्या फुशारकीने सांगत होता. मी त्याच्याच चाबकाच्या मुठीने त्याचं नाक फोडलं. दोघांनी ओढून काढलं तेव्हा थांबलो. डॉक्टरांनी डोक्यावर पाणी ओतलं आणि पुन्हा असं झालं तर घरी जा म्हणाले. माझ्या हातांची मलाच भीती वाटते, ताई. त्यांनी काय काय केलंय ते तुला वेगळं सांगायला नको.

बाबांच्या डाव्या हाताला साडेतीन बोटं होती. गेलेल्या दीड बोटातून त्यांनी नियम केला. शिकंज्याच्या दोन लोखंडी पाटांमध्ये हात घालणाऱ्याने 'हात' म्हणायचं. शिकंजा आवळायच्या चाकावरच्याने 'दिसला' म्हणायचं. आणि हात काढून घेणाऱ्याचं 'निघाला' ऐकू येईपर्यंत चाकाला शिवायचं नाही. त्यानंतर तुझ्या हातापर्यंत त्या खोलीत कुणाचं नखही गेलं नाही. तू 'हात' म्हणालीस. मी आपल्या नऊ दिवसांच्या अबोल्यात इतका बुडालो होतो की ते ऐकलंच नाही. ज्याने हात चिरडला त्यानेच उशाशी बसायचं? दुसरं कुणीतरी बघ.

रागावलीस तरी तोडू नकोस.
तुझा डिंक्या


९ मार्च

चि. डिंक्या, आईचे पुष्कळ आशीर्वाद.

ताई औषध आणायला गेलीय, तेवढ्यात लिहून घेते. तुम्ही दोघं लहानपणापासून भांडलात की निरोप माझ्याकडून पाठवायचात, अबोल्याची टपालवाली मीच. आताही तेच काम करतेय, फक्त पायात बळ कमी झालंय.

मी कुठेही घसरले नाही. दुपारी ताईला डुलकी लागली होती. तिच्या अंगावरची चादर सरळ करताना कोपरा तिच्या उजव्या हातावर पडला. तिने डोळे उघडले ते माझी मुलगी म्हणून नाही. उशाशी पुठ्ठे ठोकायची लाकडी मोगरी होती, ती डाव्या हाताने माझ्या तोंडावर घातली. दात गेला. मग माझ्या पायांशी बसून जनावरासारखी रडली. न्हाणीघराची गोष्ट मीच रचली. शेजारच्या शिंपीणबाईंना पटली, तुलाही पटली, चला.

पण दातासाठी मी तुला लिहीत नाही. चार दिवसांपूर्वी कागद कापायच्या यंत्राचा खडखडाट ऐकला. तिला आता कापणीचं काम जमत नाही, म्हणून बघायला गेले. तिने उजवा हात मनगटापर्यंत पात्याखाली ठेवला होता आणि डाव्या हाताने दांडा धरला होता. मी दांड्याला लोंबकळले. या वयात, अरे. आम्ही दोघी फरशीवर पडलो. तिने मला ढकललं, चावली, आणि म्हणाली की तोडला तर तरी हा गप्प बसेल. डॉक्टरीणबाईंनी तिला आधीच सांगितलंय की तोडूनही दुखणं जात नाही, ते नसलेल्या हातातही राहतं. ते ठाऊक असून ती तिथे उभी होती. यंत्राचा दांडा मी आता काढून शिंपीणबाईंकडे ठेवलाय.

तू काय केलंस आणि तिने काय केलं याचा निवाडा मला या जन्मी नको. तुझ्या घोड्याचं काय झालं तेही मला नको. ये.

दातपडक्या आईला विसरू नकोस.
आई


१२ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आईचं पत्र आलं. तिच्यावर चिडू नकोस, बिचारीने तुझ्याबद्दल काही लिहिलं नाही, न्हाणीघर फार निसरडं झालंय एवढंच कळवलंय.

मी आमच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी मला झापलं. घोड्यावरून बहिणीचं औषध ठरवणारा गाढव म्हणाले. माणसांना दुखण्यासाठी देतात ते प्रमाण फारच कमी असतं, शेजारी यंत्रं असतात, नर्स असते, आणि विचारायचं असेल तर तिच्या डॉक्टरला विचार, मला कशाला विचारतोस, असंही म्हणाले. तो घोडा चारा खायला लागलाय, हेही त्यांनीच दाखवलं. मी तिकडे बघायचं टाळत होतो.

होय कळवून टाक. मी बावीसला सकाळी थेट दवाखान्यात येतो. तू त्या औषधात मला शिव्या देशील, सगळं बाहेर काढशील, ठाऊक आहे. दे. मी ते ऐकायलाच येतोय. तीन वर्षं तू मला एका शब्दाने दोष दिला नाहीस, त्यापेक्षा ते बरं.

जपून राहा. यंत्रांपासून लांब.
डिंक्या


१५ मार्च

चि. डिंक्यास, आशीर्वाद.

आज होय कळवलं. आता तू येण्याआधी एक गोष्ट लिहायची आहे. त्या औषधात माझ्या तोंडून ती निघालीच असती, आणि तू तिथे माझं पांघरूण सारखं करत बसला असतास. म्हणून शुद्धीत लिहिते.

मी 'हात' म्हणाले नव्हते.

तो अबोला सुरू झाला त्यात तुझं काय चुकलं होतं ते आधी आठवते. काहीच नाही. वकिलांचे ते जाड खंड तू शिवले होतेस, शिवण चांगली होती. मीच त्यांच्यासमोर सुरीने तुझे टाके कापले आणि कुत्र्यानेही याहून बरं शिवलं असतं म्हणाले. दुखणं नव्हतं तेव्हाही माझे हात असेच होते. तू बोलणं टाकलंस. मीही टाकलं. नवव्या दिवशी तू चाकावर होतास आणि मी पलीकडे गुडघ्यांवर, पुस्तकांच्या थप्पीआड. एका खंडाचा पुठ्ठा सरकला होता. मी हात घातला. 'हात' म्हणायचं तर तुझ्याशी आधी मी बोलले असते. तेवढ्यासाठी मी दात ओठांवर दाबून धरले. पटकन काढते असं वाटलं. चाक फिरायला लागलं तेव्हासुद्धा तोंड उघडायला वेळ होता. ओरडले ते हाडांचा आवाज ऐकल्यावर.

शुद्धीवर आले तर आई विचारत होती, हात म्हणाली होतीस ना? बाबांच्या मुलीला नाही म्हणता येईना. मी होकारार्थी मान हलवली. तू दारात उभा होतास. तू म्हणालास, म्हणालीच असेल, मीच ऐकलं नसेल. मग तू घर सोडलंस, आणि डिंक्या, मला बरं वाटलं. दुखणं माझ्याकडे आणि दोष तुझ्याकडे, वाटणी सरळ झाली होती. प्रत्येक कळ आली की मी तुला शिव्या द्यायचे आणि ती कळ सोसायचे. तुझी बरगडी, त्या माणसाचं नाक, हे सगळं माझ्या त्या एका मान हलवण्यातून आलंय.

आईला आज सकाळी सांगितलं. तिने हातातली घडी पूर्ण केली, मग उठून माझ्या डाव्या गालावर एक थोबाडीत मारली. जोरात. नंतर जेवायला वाढलं.

तू आला नाहीस तर शिंपीणबाई बसतील, त्यांना विचारून ठेवलंय. आलास तर, काय म्हणू?

लोभ मागायचा हक्क आता उरलेला नाही, तरी मागते.
ताई


२२ मार्च, दवाखान्यातून

ती. आईस, शि. सा. न.

फोनवर तुला 'मोठ्याने बोल' याखेरीज काही ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. ताईला सोडायला आलेल्या शिंपीणबाई संध्याकाळच्या गाडीने तिकडे परत येतायत, हे पत्र त्यांच्याच हाती देतो.

आधी हे सांगतो, ताई ठीक आहे, झोपली आहे. रक्तदाब मध्ये चढला होता, आता उतरलाय. दोनदा उलटी झाली. हाताला फरक पडला का ते आज कुणालाच सांगता येत नाही.

तिचं पत्र वाचलं त्या दिवशी मी एका रिकाम्या पिंजऱ्याचं दार लाथांनी वाकवलं. पायाचं नख निघालं. तीन वर्षं रोज अंथरुणावर पडून मी तो क्षण ऐकत होतो, तिचा 'हात' हा शब्द शोधत होतो. सापडायचा नाही तेव्हा स्वतःचे कान बडवायचो, खरोखर, मुठींनी. डावा कान अजून गुणगुणतो. आणि तो शब्द नव्हताच. यायचं नाही असं ठरवलं आणि तरी गाडीत बसलो, कशासाठी ते विचारू नकोस. सकाळी तिला खाटेवर पाहिलं, तो हात उशीवर ठेवलेला, सुजलेला, चकचकीत. आई, मला तो धरून पिळावासा वाटला. हे दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही. मी हात पाठीमागे बांधून खुर्चीवर बसलो आणि ठरवलं की पाच दिवस बसायचं, पण एक शब्द बोलायचा नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही. अबोला काय असतो हे आम्हाला शिकवावं लागत नाही.

सलाइन सुरू झालं. थोड्या वेळाने तिचे डोळे स्थिर झाले, उघडेच. घोड्यासारखे. मग ती उसळली. डाव्या हाताने सिस्टरच्या छातीवर ठोसा मारला, त्याच हातातली सलाइनची सुई दातांनी उपटू पाहिली. सिस्टर आणि मी मिळून तिला धरलं, डॉक्टरीणबाईंनी येऊन औषधाचा वेग कमी केला. ती बाबांना हाका मारत होती, वकिलांना शिव्या देत होती, कुणालातरी चावायला बघत होती. मला एकही शिवी दिली नाही. वाट बघत होतो.

मग ती शांत झाली. छताकडे बघत, अगदी बांधणीच्या खोलीतल्या आवाजात, खणखणीत म्हणाली, 'हात'.

सिस्टरला वाटलं हात दुखतोय, ती धावली. तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, 'दिसला'. मी म्हणायचं ठरवलं नव्हतं. बाबांनी ते आमच्या इतकं आत घालून ठेवलंय की राग तिथवर पोचतच नाही. पुढे अर्ध्या तासाने सिस्टरने तिच्या उजव्या हातावर चादर ओढली आणि ती किंचाळली नाही. औषधाचा अंमल होता, एवढंच धर. फार काही समजू नकोस.

राग गेलेला नाही. तिच्याशी अजून बोललेलो नाही, तो एक शब्द सोडून. पण तिने 'निघाला' म्हटलेलं नाही, आणि तोवर चाकावरच्याने जागा सोडायची नसते. अजून चार दिवस आहेत. मी इथेच खुर्चीवर आहे.

दाताची काळजी घे, आणि तो दांडा शिंपीणबाईंकडेच राहू दे. आहेस तशी माझ्यावर चिडत राहा, म्हणजे मायाही राहील.

तुझा
डिंक्या