वहीतला दुसरा कुत्रा

बाबा,

तुम्ही चर्चमधून येईपर्यंत मी कामावर गेलेली असेन. आज मॉसला मीच तळ्याभोवती फिरवून आणलं. कानामागच्या दोन गोचिड्या काढल्यात, पोटाखाली तुम्ही बघा.

वाटेच्या तोंडाशी ठेवलेल्या वहीत नाव लिहायला गेले, तर मागचे चारही शनिवार तुमच्याच अक्षरात लिहिलेलं: 'माणसं दोन, कुत्रे दोन.' मला मात्र म्हणता, "एकटाच जातो, तू कशाला येतेस?" मला थापा मारलेल्या चालतात. वहीला तुम्ही मारणार नाही, कारण कोणी हरवलं तर रेंजर त्याच आकड्यावरून शोधायला निघतात.

बांधाजवळच्या बाकाशी मॉस जो बसला तो उठेचना. पलीकडच्या वाटेकडे बघून शेपटी हलवत होता. वीस मिनिटं थांबले. कोणी आलं नाही.

आई गेल्यापासून तिच्या हिरव्या थर्मासला कोणी हात लावला नव्हता. तो तुमच्या पिशवीत कसा, हेही विचारायचंय.

माशाचं सूप शेगडीवर आहे, भरपूर केलंय. संध्याकाळी टेबलावर किती वाडगे मांडायचे ते फोन करून कळवा. वहीत लिहिता तसं खरं सांगा.

ऑड्रा