पाणी पिणारा शिपाई

मंगळवार, कोपरखैरणे

उद्या कॉलेजात एका युद्धपटाच्या सुरुवातीवर बोलायचंय, म्हणून संध्याकाळी टीव्हीवर तोच प्रसंग पुन्हापुन्हा बघत होते. एक तरुण शिपाई बाटलीतून पाणी पितो, झाकण लावायला घेतो आणि स्फोट होतो. मग आवाजच नाही. तो खाली पडलाय, कॅमेरा त्याच्यावरून हलत नाही, झाकण अजून मुठीत. आवाज का काढून घेतला असेल? धक्का दाखवायला? लिहायला म्हणून चित्र तिथेच थांबवलं.

तेवढ्यात आई काडेपेटी घेऊन आली आणि टीव्हीसमोर उभी राहिली. दादा सीमेवर आहे. रविवारपासून त्याचा फोन नाही. आम्ही दोघी त्यावर बोलत नाही.

"दिवा लावायचाय. त्याला असा पडलेला नको ठेवूस."

"अगं, पिक्चर आहे."

"माहितीये मला."

मी मागे नेलं. तो पाणी पितोय, झाकण हातात आहे, तिथे थांबवलं. मग आईने देवापुढे दिवा लावला.

आवाज गेला की माणूस वाट बघायला लागतो. मुद्दा सापडला, पण वर्गात सांगवेल का, माहीत नाही.

जेवणं झाली तरी तो पडद्यावर पाणी पितोय. टीव्ही बंद कर, असं आईही म्हणत नाही.